बास्करव्हिलचा कुत्रा दुसऱ्यांदा वाचताना

आधीच सांगून टाकतो: या लेखात खुनी कोण, कुत्रा कसला, सगळं उघड केलेलं आहे. कॉनन डॉइलची 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' अजून वाचली नसेल तर पान बंद करा, कादंबरी वाचा आणि मग या. पहिलं वाचन घाबरण्यासाठी असतं, त्यात कुणी लुडबुड करू नये.

दुसरं वाचन मात्र वेगळ्या तयारीने करण्यासारखं आहे. मी ही कादंबरी शाळेत असताना एका रात्रीत संपवली होती आणि नंतर बरीच वर्षं ती म्हणजे 'दलदल आणि चमकणारा कुत्रा' एवढीच लक्षात होती. पुढे आमच्या वाचनगटात ती पुन्हा घेतली तेव्हा कळलं की आपण फक्त भीती वाचली होती, ती कशी बांधली आहे ते पाहिलंच नव्हतं. ती कशी पाहायची, त्याची ही पद्धत. तीन-चार आठवड्यांचे रविवार पुरतात.

पहिली पायरी: प्रत पूर्ण आहे ना, ते बघा

मूळ इंग्रजी कादंबरी साधारण ५९ हजार शब्दांची आहे आणि तिची १५ प्रकरणं आहेत. ती कॉपीराइटमधून केव्हाच मुक्त झाली आहे, त्यामुळे इंटरनेटवर फुकट मिळते. मराठीत वाचणार असाल तर आधी प्रकरणं मोजा. संक्षिप्त रूपांतरांत कात्री बहुतेक वेळा एकाच जागी चालते: मधल्या भागात, जिथे डॉ. वॉटसन होम्सला पत्रं लिहितो आणि डायरी ठेवतो. ८, ९, १० ही ती तीन प्रकरणं. रूपांतरकाराला वाटतं, इथे काही घडत नाही, थोडं आटपतं घ्यावं. प्रत्यक्षात सगळा जीव तिथे आहे. ती नसतील तर ती प्रत मुलांना द्या आणि दुसरी शोधा.

बाकी सामान साधं आहे. एक दोनशे पानी वही, पेन्सिल, आणि कादंबरी जिथे घडते त्या डार्टमूरचा नकाशा, फोनवरचाही चालेल.

दुसरी पायरी: वहीच्या पानाचे तीन रकाने करा

पहिल्या रकान्यावर लिहा 'दिसलं', दुसऱ्यावर 'ऐकलं', तिसऱ्यावर 'धरून चाललं'. प्रत्येक प्रकरण वाचताना आलेली माहिती यांपैकी कुठे बसते ते ठरवून टिपा. सुरुवातीला कंटाळा येतो. दुसऱ्या प्रकरणापर्यंत दम धरा, कारण पद्धतीचा उपयोग तिथेच कळतो.

त्या प्रकरणात डॉ. मॉर्टिमर बेकर स्ट्रीटवर येऊन तीन गोष्टी एकापाठोपाठ सांगतो. आधी १७४२ सालचं जुनं बाड वाचून दाखवतो: दुष्ट ह्यूगो बास्करव्हिल, त्याने पळवून आणलेली मुलगी, आणि त्याचा गळा फोडणारा प्रचंड काळा कुत्रा. मग वर्तमानपत्रातली बातमी: सर चार्ल्स बास्करव्हिल ४ मेच्या रात्री आपल्याच घराच्या आवारात, यू झाडांच्या रांगेत मरून पडले, हृदय कमकुवत होतं. आणि शेवटी, कोर्टात न सांगितलेली, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट: प्रेतापासून काही अंतरावर पावलांचे ठसे होते. माणसाचे नव्हे, राक्षसी कुत्र्याचे.

दंतकथा, बातमी, साक्ष. हा क्रम उलटा करून बघा. डॉक्टरने आल्या आल्या ठसे सांगितले असते तर होम्सइतकेच आपणही निवांत राहिलो असतो: गावात कुत्री असतात. आधी दंतकथा ऐकवल्यामुळे ठसे तिच्या प्रकाशात दिसतात. आणि ती ऐकवतो कोण? गावातली म्हातारी नाही, तर कवट्यांची मापं घेण्याचा छंद असलेला, होम्सच्या डोक्याचा आकार पाहून हरखून जाणारा डॉक्टर. अंधश्रद्धा विज्ञानाच्या माणसाच्या तोंडून आली की ती निम्मी खरी वाटते. व्हॉट्सअ‍ॅपवर 'एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय' म्हणून फिरणारे निरोप आठवा.

आता रकान्यांकडे. बातमीत नोकर बॅरिमोरची साक्ष आहे की कुरणाकडच्या फाटकापासून पुढे मालकांच्या पावलांचे ठसे बदलले, तिथून ते चवड्यांवर चालत गेलेले दिसतात. आमच्या गटात जवळजवळ सगळ्यांनी हे 'दिसलं'मध्ये लिहिलं. मीसुद्धा. तिसऱ्या प्रकरणात होम्स म्हणतो की माणूस बागेतल्या वाटेवर चवड्यांवर कशाला चालेल? तो धावत होता. जीव घेऊन, छाती फुटेपर्यंत धावत होता.

म्हणजे 'दिसलं'मध्ये जायला हवं होतं एवढंच: ठशांत टाच उमटलेली नाही. 'चवड्यांवर चालत' हे 'धरून चाललं'मध्ये. चौकशीत कुणीतरी लावलेला अर्थ आपण पुरावा म्हणून गिळला. एवढी एक नोंद दुरुस्त करताना जे शिकायला मिळतं ते तर्कशास्त्राच्या पुस्तकातल्या व्याख्यांतून मिळत नाही.

त्याच जागेची आणखी एक नोंद करा. फाटकाजवळ सिगारची राख दोनदा झडलेली होती. म्हणजे सर चार्ल्स तिथे पाच-दहा मिनिटं उभे होते. रात्री, थंडीत, कुरणाला घाबरणारा म्हातारा त्याच कुरणाच्या फाटकाशी का थांबेल? कुणाची तरी वाट बघत होते. आणि धावले ते घराच्या दिशेने नाही, घरापासून लांब. इतकी भीती बसली होती की दिशेचं भान राहिलं नाही. राख, टाच, दिशा. भुताचं नावही न घेता एवढं हाती येतं: राखेचा अर्थ मॉर्टिमरने लावलेला, बाकीचा होम्सने.

तिसरी पायरी: नकाशा काढा, सुबक नसला तरी चालेल

होम्सही हेच करतो. मॉर्टिमर गेल्यावर तो स्टॅनफर्डच्या दुकानातून त्या भागाचा सरकारी नकाशा मागवतो आणि दिवसभर खोलीत धूर कोंडून त्यावर बसतो. शरीर खुर्चीत होतं, पण मनाने डार्टमूरवर होतो, असं वॉटसनला सांगतो.

तुमच्या पानाच्या मध्यभागी बास्करव्हिल हॉल ठेवा. भोवती पाच मैलांत मोजकीच घरं येतात: स्टेपलटनचं मेरिपिट हाउस, फ्रँकलंडचं लॅफ्टर हॉल, ग्रिम्पेन हे खेडं, दोन शेतघरं. जवळच ग्रिम्पेनची दलदल. आणि १४ मैलांवर प्रिन्सटाउनचा तुरुंग. हॉल, ग्रिम्पेन, मेरिपिट हे सगळं लेखकाने रचलेलं. प्रिन्सटाउन मात्र खरं, आणि तुरुंगही खरा. तो १८०९ साली फ्रेंच युद्धकैद्यांसाठी सुरू झाला. कॉनन डॉइल १९०१ साली आपला मित्र बर्ट्रम फ्लेचर रॉबिन्सन याच्याबरोबर तिथे गेला, प्रिन्सटाउनच्या हॉटेलात उतरला आणि पायी भटकला. पश्चिम इंग्लंडमधली कुत्र्याची दंतकथा त्याला रॉबिन्सननेच सांगितली होती, आणि रॉबिन्सनच्या घरच्या गाडीवानाचं आडनाव बास्करव्हिल होतं. ग्रिम्पेनच्या दलदलीमागे फॉक्स टॉर मायर्स ही खरी दलदल असावी असं बहुतेक अभ्यासक मानतात.

इथे मराठी वाचकाची एक अडचण होते. 'मूर' या शब्दाला आपण सर्रास माळरान म्हणतो आणि डोळ्यांपुढे येतं पुरंदर-जेजुरीकडचं कोरडं, पिवळं गवत. डार्टमूर तसं नाही. ते ओलं आहे. खाली ग्रॅनाइट, त्यातून पाणी मुरत नाही. पाऊस भरपूर. वर शेवाळ वाढतं, कुजतं, त्याचे थरावर थर साचतात. वरून हिरवीगार लुसलुशीत जागा, खाली माणूसभर गाळ. कोकणातल्या सड्यावर ऐन श्रावणात, धुकं उतरलेलं असताना, एकट्याने चालला असाल तर त्या हवेची थोडी कल्पना येईल. सड्यावर पाय रुतत नाही, एवढा मोठा फरक मनात ठेवा. अधूनमधून टेकड्यांच्या माथ्यावर ग्रॅनाइटचे उघडे सुळके, त्यांना 'टॉर' म्हणतात, आणि उतारांवर कांस्ययुगातल्या माणसांच्या दगडी झोपड्यांचे गोल अवशेष. होम्स यांतल्याच एका झोपडीत लपून राहतो.

आता सातवं प्रकरण उघडा आणि एक दृश्य शब्दाशब्दाने वाचा. वॉटसन आणि स्टेपलटन दलदलीच्या कडेला उभे आहेत. हिरव्या लव्हाळ्यात काहीतरी तपकिरी गडबडा लोळताना दिसतं. एक लांब मान वर झेपावते, किंकाळी फुटते. एक तट्टू बुडतंय. स्टेपलटन शांतपणे म्हणतो, गेलं. दोन दिवसांत दोन. आणि पुढे सहज सांगतो की मला मात्र या दलदलीच्या मध्यापर्यंत जाऊन परत येता येतं, खाणाखुणा ठाऊक आहेत.

पहिल्या वाचनात आपण तट्टूकडे बघत असतो. लेखकाने आपल्याला त्यासाठीच तट्टू दिलेलं आहे. दुसऱ्या वाचनात ते शेवटचं वाक्य 'दिसलं'च्या रकान्यात येतं: या परिसरात एकच माणूस आहे जो जिथे कुणी जाऊ शकत नाही तिथे जाऊ शकतो, आणि त्याने हे स्वतः सांगितलं. स्थळाचं वर्णन आणि खुन्याचा कबुलीजबाब एकाच परिच्छेदात. नेपथ्य म्हणून ज्याकडे आपण कौतुकाने बघतो तोच पुरावा असतो, हे या कादंबरीत परत परत होतं. नकाशावर दलदलीच्या मधोमध एक प्रश्नचिन्ह काढून ठेवा. शेवटी कुत्रा तिथेच, एका पडक्या कथिलाच्या खाणीपाशी ठेवलेला सापडतो.

लगेच पुढे तो प्रसिद्ध आवाज येतो: कुरणभर घुमणारा लांबलचक हुंदका. वॉटसन विचारतो, हे काय? स्टेपलटन सांगतो, इथले शेतकरी म्हणतात बास्करव्हिलचा कुत्रा सावज मागतोय. आणि लगोलग दुसरी उत्तरंही देतो: गाळ खचत असेल, पाणी वर येत असेल, नाहीतर बिटर्न असेल, बगळ्याच्या कुळातला एक पक्षी, तेव्हा इंग्लंडमधून जवळजवळ नामशेष झालेला.

इथे पेन्सिल खाली ठेवून थोडं थांबा. भुताची गोष्ट आणि भुताचं शास्त्रीय स्पष्टीकरण, दोन्ही एकाच माणसाने, एकाच दमात दिलं, आणि तोच खुनी आहे. ज्याला भुताखेतांवर विश्वास त्याला कुत्रा घ्या, ज्याला विज्ञानावर त्याला पक्षी घ्या. दोघंही खऱ्या कुत्र्याचा शोध घेणार नाहीत. या कादंबरीचं वर्णन 'तर्क विरुद्ध अंधश्रद्धा' असं एका ओळीत केलं जातं तेव्हा मला हा प्रसंग आठवतो. स्टेपलटन फुलपाखरं गोळा करणारा, नावाजलेला कीटकशास्त्रज्ञ आहे. पूर्ण पुस्तकात शापावर अजिबात, कणभरही विश्वास नसलेला माणूस शोधाल तर पहिला नंबर त्याचाच लागेल. अंधश्रद्धा ही त्याची श्रद्धा नाही, ते त्याचं हत्यार आहे. सर चार्ल्सनेच त्याला घराण्याची दंतकथा विश्वासाने सांगितली होती, हृदय कमकुवत असल्याचं मॉर्टिमरकडून कळलं होतं. पुढचा हिशेब सोपा होता.

चौथी पायरी: तारखा लावा आणि होम्सची हजेरी घ्या

वहीच्या मागच्या पानांवर एक हजेरीपट करा. प्रकरण, तारीख, सांगणारा कसा सांगतो आहे (सरळ निवेदन, पत्र की डायरी), आणि होम्स हजर की गैरहजर.

साल १८८९ धरायचं. मॉर्टिमरच्या काठीवर १८८४ कोरलेलं आहे आणि होम्स ते पाच वर्षांपूर्वीचं म्हणतो. वॉटसनचं पहिलं पत्र १३ ऑक्टोबरचं, दुसरं १५चं, डायरी १६ आणि १७ची, आणि १८ तारखेपासून पुन्हा सरळ निवेदन. बदल का? पत्रात आणि डायरीत वॉटसनला पुढचं ठाऊक नसतं. एरवी तो घडून गेलेली गोष्ट सांगत असतो, म्हणजे निदान सांगणारा तरी जगला-वाचला याची हमी असते. पत्रात ती हमी जाते. आज रात्री लिहितोय, उद्याचं माहीत नाही. मधली प्रकरणं संथ वाटतात, पण त्यांतली धाकधूक या बारीक बदलातून येते.

हजेरीपटात होम्सचा रकाना भरताना आणखी मजा येते. सहाव्या प्रकरणात स्टेशनवर निरोप दिला की तो गायब, तो थेट अकराव्याच्या शेवटच्या ओळींपर्यंत. पुस्तकाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही जास्त भागात शेरलॉक होम्स नाही! तर्क करणारा माणूस काढून घेतल्यावर वाचकाजवळ उरतो प्रामाणिक, शूर, पण रात्री आवाज आला की दचकणारा वॉटसन. म्हणजे आपल्यासारखाच.

१९०१ सालच्या वाचकाला हे आणखी झोंबलं असणार. १८९३च्या डिसेंबरमध्ये डॉइलने होम्सला रायशेनबाखच्या धबधब्यात ढकलून दिलं होतं. ही कथा त्या आधी घडलेली म्हणून 'स्ट्रँड' मासिकात ऑगस्ट १९०१ ते एप्रिल १९०२ अशी नऊ हप्त्यांत आली, पुस्तक १९०२च्या मार्चमध्ये निघालं. आठ वर्षांनी माणूस परत मिळाला आणि काही प्रकरणांतच पुन्हा नाहीसा झाला.

हप्त्यांवरून एक छोटा व्यायाम: प्रत्येक प्रकरणाचा फक्त शेवटचा परिच्छेद ओळीने वाचून काढा. पंधरा मिनिटांचं काम. पहिला हप्ता दुसऱ्या प्रकरणाशी, त्या कुत्र्याच्या ठशांवर थांबला होता, आणि पुढचा अंक यायला महिना होता. अकराव्याचा शेवट तर माझा सर्वांत आवडता: वॉटसन पिस्तूल रोखून दगडी झोपडीत बसलाय, बाहेर पावलं वाजतात, सावली पडते, आणि ओळखीचा आवाज म्हणतो, संध्याकाळ छान आहे वॉटसन, आत बसण्यापेक्षा बाहेर ये. भीतीने ताठलेला वाचक इथे चक्क हसतो. या हसण्यामुळे पुढच्या प्रकरणातली किंकाळी जास्त बोचते.

पाचवी पायरी: उघड्या प्रश्नांची खतावणी

नवा प्रश्न पडला की नोंद करा, उत्तर मिळालं की खोडा. रात्री वाड्यात रडणारी बाई कोण? बॅरिमोरची बायको. का रडते? तुरुंगातून पळालेला खुनी सेल्डन तिचा भाऊ आहे. बॅरिमोर मध्यरात्री मेणबत्ती घेऊन खिडकीशी का? मेहुण्याला खूण करायला. चंद्राच्या उजेडात सुळक्यावर उभी असलेली आकृती? होम्स. अर्धवट जळलेल्या चिठ्ठीवरची 'एल. एल.'? लॉरा लायन्स, फ्रँकलंडची मुलगी.

खोडत जाताना लक्षात येईल की भुताटकी वाटणारी प्रत्येक गोष्ट एकेक करून घरगुती निघते. लेखक आपला विश्वास वाढवत नेतो: घाबरू नका, सगळ्याला कारण असतं. पण खतावणीत एक ओळ खोडली जात नाही. तो आवाज. बाकीची भीती आटत जाते तशी उरलेली सगळी त्या एका ओळीत साचते. म्हणून चौदाव्या प्रकरणात कुत्रा धुक्यातून उडी घेतो तेव्हा तो एकटा येत नाही, तेरा प्रकरणांची शिल्लक घेऊन येतो.

सहावी पायरी: बुटाचा हिशेब

ही पायरी छोटी आहे, पण ती चुकवू नका. कॅनडाहून आलेल्या नव्या वारसाचा, सर हेन्रीचा, लंडनच्या हॉटेलातून एक बूट चोरीला जातो. नवा, तपकिरी, एकदाही न घातलेला. दुसऱ्या दिवशी जुन्या काळ्या जोडातला एक जातो, आणि नवा तपकिरी मात्र परत सापडतो. मॉर्टिमर आणि सर हेन्री वैतागतात, आपणही हे विनोदी प्रकरण म्हणून सोडून देतो.

वाचनगटात मी विचारलं, चोराने नवा बूट परत का केला असेल? बराच वेळ कुणी बोलेना. मग सत्तरीच्या पुढच्या एक काकू म्हणाल्या, "अरे, घातलाच नव्हता ना तो? मग कुत्र्याला वास कुठून यायचा?" आणि जरा थांबून, "आणि भुताला रे बूट कशाला लागतोय?"

होम्सने शेवटच्या प्रकरणात नेमकं हेच सांगितलंय: दुसरा बूट गेला तेव्हाच मला खात्री झाली की कुत्रा हाडामांसाचा आहे. लंडनमध्ये, पाचव्या प्रकरणात. दलदल दिसायच्या आधी! पुढची दहा प्रकरणं आपण घाबरलो ते उत्तर हातात असताना. तिसऱ्या प्रकरणात होम्स एक नियम सांगतो तो इथे जोडून वाचा: निसर्गाच्या नियमांपलीकडचं काही असेल तर आपला तपास तिथेच संपला, पण ते मानण्याआधी बाकी सगळ्या शक्यता तपासून संपवल्या पाहिजेत. 'भूत नसतं' असं तो म्हणत नाही. भुताला रांगेत शेवटचा नंबर देतो, आणि बुटामुळे रांग भुतापर्यंत पोचतच नाही.

काकूंनी त्या दिवशी कोकणातल्या चकव्याच्या दोन गोष्टी सांगितल्या, त्या वेगळ्या. दोन्हींत बूट नव्हता, त्यामुळे त्या अजून शाबूत आहेत.

सातवी पायरी: चौदावं प्रकरण मोठ्याने वाचा

शक्यतो रात्री, आणि दोघांत. एकाने वाचावं, दुसऱ्याने डोळे मिटून ऐकावं. होम्सची सगळी योजना तयार आहे, आणि एकच गोष्ट ती बिघडवू शकते: धुकं. ते पांढऱ्या भिंतीसारखं घराकडे सरकतंय. हे तिघं, होम्स, वॉटसन आणि लेस्ट्रेड, मागे मागे हटतात. ज्या माणसाने सिगारेटच्या थोटकावरून माणूस ओळखला तो हवामानापुढे हतबल आहे. स्थळ तर्कावर कुरघोडी करतं ती ही जागा.

मग पावलांचा आवाज. कुत्रा बाहेर येतो, जबड्यातून आग, डोळे निखाऱ्यासारखे, मानेवरचे केस ज्वाळांनी रेखलेले. स्कॉटलंड यार्डचा अनुभवी लेस्ट्रेड किंचाळून तोंड खाली करून जमिनीवर पडतो. वॉटसन आणि होम्स एकदम गोळ्या झाडतात आणि कुत्रा विव्हळतो. इथे वॉटसनचं वाक्य अधोरेखित करा. अर्थ असा: त्याला दुखतं म्हणजे तो मरतो, आणि जखम करता येते म्हणजे मारताही येतं. एक वेदनेचा आवाज, आणि जवळजवळ अडीचशे वर्षांचा शाप तिथल्या तिथे संपतो. विचार करून नव्हे, धावता धावता. नंतर वॉटसन जबड्याला हात लावतो आणि बोटं अंधारात चमकतात. फॉस्फरस.

आठवी पायरी: पंधरावं प्रकरण उघडण्याआधी तुमचं उत्तर लिहा, मग होम्सला जाब विचारा

शेवटच्या प्रकरणात नोव्हेंबरच्या अखेरीस होम्स शेकोटीपाशी सगळं समजावून सांगतो. ते वाचण्याआधी एका पानात तुमची मांडणी लिहून काढा आणि मग ताडून बघा. पण होम्सची मांडणी देववाणी समजू नका. तिच्यात भोकं आहेत, ती शोधणं हा दुसऱ्या वाचनातला सर्वांत मोठा आनंद.

पांढरा फॉस्फरस हे जहाल विष आहे. तो तोंडाभोवती फासलेला कुत्रा स्वतःचं नाक चाटणार नाही का? डॉइल स्वतः डॉक्टर होता, पण इथे त्याने काणाडोळा केलेला दिसतो. दुसरं, स्टेपलटन मुळात नाव बदलून राहणारा बास्करव्हिलच, पण तो वारस म्हणून पुढे आला असता तर इतकी वर्षं शेजारीच वेगळ्या नावाने का राहत होतास, हे विचारलं गेलंच असतं. वॉटसन नेमका हाच प्रश्न विचारतो, आणि होम्स तीन शक्यता सांगून सुटका करून घेतो. माझ्या मते एकही पटण्यासारखी नाही. तिसरं, सर हेन्रीला आमिष म्हणून कुरणावर चालायला लावणं. तो जगला, पण मज्जातंतू पार कोलमडले आणि त्यातून सावरण्यासाठी त्याला मॉर्टिमरबरोबर लांबचा प्रवास करावा लागला. तर्काने जिंकलेल्या केसची ती किंमत कुणाच्या खात्यात घालायची, यावर आमच्याकडे अर्धा तास वाद झाला आणि चहा थंड झाला.

उलट एका ठिकाणी लेखकाला पैकीच्या पैकी. भिंतीवरच्या ह्यूगोच्या १६४७ सालच्या तसबिरीवर होम्स हाताने टोपी आणि कुरळे केस झाकतो आणि खाली स्टेपलटनचा चेहरा उरतो. ती तसबीर, निदान पूर्वजांची ती रांग, वॉटसनने पहिल्या रात्री जेवताना पाहिली होती. म्हणजे 'दिसलं'मध्ये आधीच नोंद असायला हवी. माझ्या वहीत नव्हती.

जाता जाता लेखकाबद्दल. होम्सकडून भुताला रांगेत शेवटी उभं करवणाऱ्या डॉइलने १९१६ साली आपण परलोकविद्येवर विश्वास ठेवतो असं जाहीर केलं आणि १९२२ साली दोन मुलींनी काढलेले पऱ्यांचे फोटो खरे मानून त्यावर पुस्तक काढलं. ते फोटो बनावट होते. तरीही १९२४ सालच्या एका कथेत त्याचा होम्स भुतांना अर्ज करायची बंदी घालतोच. ही विसंगती वहीत कुठल्या रकान्यात टाकायची ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

गटाने वाचणार असाल तर

तीन बैठका करा: १ ते ५, ६ ते ११, १२ ते १५. दुसऱ्या बैठकीला वेळ जास्त ठेवा, पहिलीला कमी चालेल. कुणी पुढे वाचून आला असेल तर त्याला चहाची जबाबदारी द्या. सगळं झाल्यावर वाटलं तर १९६२चा हिंदी 'बीस साल बाद' बघा. त्याचा धागा याच कादंबरीपाशी येतो, पण कुत्र्याची जागा दुसऱ्या कशाने घेतली आहे. कशाने ते सांगत नाही. बघताना वही जवळ असू द्या.

आणि एक घरचा अभ्यास. तुमच्या गावातली एक भुताची गोष्ट घ्या, वडाखालची, विहिरीवरची, ओढ्यातली, लहानपणी जशी ऐकली तशी एका पानात लिहा, काही न बदलता. मग तिच्यात फक्त एक वस्तू घाला, जी भुताला लागायचं कारण नाही. पुढच्या रविवारी ती गटात वाचून दाखवा आणि ती वस्तू आधी कोण पकडतं ते बघा. आमच्याकडे अजूनपर्यंत काकूच पकडतात.